इंजिनावरील आवरण आणि हौशी विमानबांधणी : प्रयोगशाळेतील ज्ञानाच्या घरगुती प्रवासाचा इतिहास

प्रस्तावना :

विमानविद्येचा इतिहास मराठीत जेव्हा जेव्हा लिहिला गेला, तेव्हा त्याचे स्वरूप प्रामुख्याने उड्डाणांच्या इतिहासाचे राहिले. राइट बंधूंचे १९०३ मधील उड्डाण, लिंडबर्गने १९२७ मध्ये एकट्याने पार केलेला अटलांटिक महासागर, महायुद्धांतील लढाऊ विमाने आणि पुढे जेट युग, असा हा प्रवास विद्यार्थ्यांना परिचित आहे. विमानाच्या एखाद्या सुट्या भागाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. तो अभियंत्यांचा विषय आहे, इतिहासकारांचा नव्हे, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत शोधनिबंधात अशाच एका दुर्लक्षित भागाचा, म्हणजे विमानाच्या इंजिनावर बसविल्या जाणाऱ्या आवरणाचा (ज्याला सर्वत्र 'काउलिंग' असे म्हटले जाते) विचार केला आहे. त्यातही भर आहे तो कारखान्यात तयार झालेल्या विमानांवर नसून हौशी व्यक्तींनी स्वतःच्या घरी, गॅरेजमध्ये वा शेडमध्ये बांधलेल्या विमानांवर.

या निवडीमागे एक कारण आहे. काउलिंगचा इतिहास प्रचलित ग्रंथांत एका यशस्वी सरकारी संशोधनाची कथा म्हणून सांगितला जातो आणि ती कथा १९२९ च्या सुमारास संपते. प्रश्न सुटला, पारितोषिक मिळाले, पुढील प्रकरण सुरू झाले. परंतु घरी विमान बांधणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने हा प्रश्न १९२९ मध्ये सुटलेला नाही. तो प्रत्येक विमानागणिक नव्याने उभा राहतो आणि तो नीट न सुटल्यास इंजिन हवेत बंद पडण्यापर्यंत मजल जाते. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान सामान्य माणसाच्या हातापर्यंत कसे पोहोचते, वाटेत त्यातले काय गळते आणि काय नव्याने भरले जाते, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उघड्या सिलिंडरांचा काळ :

पेट्रोल इंजिनातील इंधनाच्या उष्णतेपैकी थोडाच भाग प्रत्यक्ष कामात रूपांतरित होतो. उरलेली उष्णता धुराड्यावाटे आणि इंजिनाच्या पृष्ठभागावाटे बाहेर टाकावी लागते. मोटारीत हे काम पाणी व रेडिएटर करतात. विमानात पाण्याचे वजन परवडत नाही, म्हणून अनेक रचनाकारांनी हवेने थंड होणारी इंजिने पसंत केली. आपल्याकडील मोटारसायकलच्या सिलिंडरभोवती ज्या पातळ पात्या, म्हणजे फिन्स, दिसतात, त्याच पात्या विमानाच्या इंजिनावरही असतात. त्यांच्यामधून वाहणारी हवा उष्णता घेऊन जाते.

पहिल्या महायुद्धाच्या काळातील अनेक विमानांत रोटरी इंजिन असे. त्यात सिलिंडरांचा संपूर्ण संचच पंख्याबरोबर गरगर फिरत असे. या इंजिनांवर पुढील बाजूस पत्र्याचे गोल आवरण दिसते, परंतु त्याचा मुख्य हेतू वेग वाढविणे हा नव्हता. इंजिनातून उडणारे एरंडेल तेल वैमानिकाच्या तोंडावर व विमानाच्या कापडावर येऊ नये, म्हणून ते बसविले जाई. वंगण म्हणून एरंडेल वापरले जात असे, हे येथे सांगितले पाहिजे, कारण त्या काळच्या वैमानिकांच्या आठवणींत त्या वासाचा उल्लेख वारंवार येतो. म्हणजे काउलिंगचा जन्म वायुगतिकीतून झालेला नाही. स्वच्छतेच्या गरजेतून झाला आहे.

युद्धानंतर रोटरी इंजिने मागे पडली आणि अरीय रचनेची, म्हणजे रेडियल इंजिने पुढे आली. त्यात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेले असतात, पण ते फिरत नाहीत. लिंडबर्गच्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' या विमानातील नऊ सिलिंडरांचे राइट व्हर्लविंड इंजिन याच जातीचे. त्या विमानाचे छायाचित्र पाहिल्यास सिलिंडर बाहेर उघडे डोकावताना दिसतात. हवा थेट त्यांच्यावर आदळावी, तरच इंजिन थंड राहील, अशी त्या वेळची सार्वत्रिक समजूत होती. ती वरवर पाहता तर्कशुद्धही वाटते. मात्र या उघड्या सिलिंडरांमुळे हवेच्या प्रवाहात मोठी खळबळ माजत असे आणि विमानाला होणारा वायुरोध फार वाढत असे. थंडावा हवा तर वेग सोडा आणि वेग हवा तर थंडावा सोडा, असा हा पेच होता.

लँग्ले येथील दहावे आवरण :

अमेरिकेत १९१५ मध्ये राष्ट्रीय विमानविद्या सल्लागार समितीची स्थापना झाली. पुढील विवेचनात तिचा उल्लेख 'एनएसीए' असा केला आहे. व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन येथे या समितीची लँग्ले प्रयोगशाळा होती. १९२७ मध्ये तेथे पंख्यांच्या संशोधनासाठी एक मोठे वातविवर पूर्ण झाले. त्याच्या मुखाचा व्यास २० फूट होता. त्यामुळे लहान नमुन्याऐवजी खऱ्या विमानाचा पुढचा भाग चालू इंजिनासह वाऱ्याच्या झोतात ठेवणे प्रथमच शक्य झाले. वातविवराचा पंखा फिरविण्यासाठी पाणबुडीची दोन डिझेल इंजिने वापरली होती. या वातविवराची आखणी व त्यातील कामाची जबाबदारी फ्रेड विक या तरुण अभियंत्याकडे होती.

मे १९२७ मध्ये विमान कारखानदारांची एक परिषद लँग्ले येथे भरली. त्याच महिन्यात लिंडबर्ग पॅरिसला पोहोचला होता. इंजिन झाकून वायुरोध कमी करता येईल काय, याचा शोध घ्यावा, अशी मागणी या परिषदेत झाली. विक व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हर्लविंड इंजिनावर क्रमाक्रमाने दहा प्रकारची आवरणे तपासली. पहिल्यात इंजिन जवळजवळ उघडे होते, दहाव्यात ते संपूर्ण झाकलेले होते. दहावे आवरण प्रथम अपेक्षेप्रमाणे वागले नाही. इंजिन तापू लागले. तेव्हा आवरणाच्या पुढच्या कडेचा आकार बदलला, हवा बाहेर पडण्याची फट बदलली आणि आत पत्र्याचे आडपडदे, म्हणजे बॅफल, बसविले. त्यानंतर असे दिसून आले की, इंजिन पूर्ण झाकूनही समाधानकारक थंड राहते आणि त्याचा वायुरोध निम्म्याहून अधिक घटतो. विक यांचा हा अहवाल नोव्हेंबर १९२८ मध्ये 'टेक्निकल नोट ३०१' म्हणून प्रसिद्ध झाला.

यातील मर्म समजून घेणे आवश्यक आहे. उघड्या सिलिंडरावर हवा आदळते तेव्हा त्याची पुढची बाजू थंड होते. मागची बाजू, जेथे प्रवाह सुटा होऊन भोवरे निर्माण होतात, ती गरमच राहते. आवरण आणि आडपडदे बसविल्यावर थोडी हवा आत शिरते, तिचा वेग मंदावतो, दाब वाढतो आणि त्या दाबामुळे ती पात्यांमधल्या अरुंद वाटांतूनच जाण्यास भाग पडते. अखेरीस ती मागच्या फटीतून पुन्हा वेगाने बाहेर पडते. थंडावा हवेच्या एकूण प्रमाणावर अवलंबून नसून तिला लावलेल्या वळणावर अवलंबून आहे, असा याचा अर्थ होतो. पाटाचे पाणी शेतभर मोकळे सोडण्याऐवजी दंड घालून रोपाच्या बुडाशी नेणाऱ्या शेतकऱ्याला हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

परिणाम लगेच दिसले. लष्कराकडून घेतलेल्या कर्टिस एटी-५ए या विमानावर हे आवरण बसविताच त्याचा कमाल वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. फेब्रुवारी १९२९ मध्ये फ्रँक हॉक्स या वैमानिकाने असे आवरण असलेल्या लॉकहीड एअर एक्स्प्रेस विमानातून लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे अंतर १८ तास १३ मिनिटांत कापून विक्रम केला. त्या विमानाचा कमाल वेग आवरणामुळे ताशी १५७ वरून १७७ मैल झाला होता. १९२९ सालचे कॉलियर पारितोषिक एनएसीएला याच संशोधनासाठी मिळाले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील ह्यूबर्ट टाउनेंड यांनी सिलिंडरांभोवती बसणाऱ्या अरुंद कड्याचा शोध जाहीर केला होता. शोधाचा मान कोणाचा, यावरून पुढे वादही झाला. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

परंतु एक बाब नोंदविली पाहिजे, कारण ती पुढील विवेचनाचा पाया आहे. विक यांचे यश सिद्धान्तातून आलेले नव्हते. आवरण नेमके का यशस्वी होते, याचे व्यवस्थित शास्त्रीय विवेचन त्याच प्रयोगशाळेत थिओडोर थिओडोर्सन आणि सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर केले. १९२८ मधील काम करून पाहणे, बदलणे, पुन्हा करून पाहणे या पद्धतीचे होते. वॉल्टर विन्सेंटी यांनी 'व्हॉट इंजिनियर्स नो अँड हाऊ दे नो इट' या १९९० मधील ग्रंथात अभियांत्रिकी ज्ञानाच्या अशा पद्धतीचे मर्मग्राही विश्लेषण केले आहे. सिद्धान्त अपुरा असतानाही एकेक घटक क्रमाने बदलत विश्वासार्ह ज्ञान मिळविता येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने पाहिल्यास लँग्लेचे वातविवर आणि हौशी बांधणाऱ्याचे गॅरेज यांत आपण मानतो तेवढे अंतर नाही. साधनांत फरक प्रचंड आहे. कामाच्या रीतीत कमी.

विक यांचे गॅरेज :

हे अंतर किती कमी होते, याचा पुरावा खुद्द विक यांच्या चरित्रात सापडतो. प्रस्तुत लेखकास हा पुरावा प्रथम आढळला तेव्हा आश्चर्य वाटले होते, कारण काउलिंगच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच येतो. १९३० च्या दशकात विक व लँग्लेतील काही सहकाऱ्यांनी कामाच्या वेळेबाहेर, स्वखर्चाने, विक यांच्या गॅरेजमध्ये एक छोटे विमान बांधले. 'डब्ल्यू-१' हे त्याचे नाव. १९३४ मध्ये ते उडाले. सामान्य माणसाला सहज व सुरक्षित चालविता येईल असे विमान तयार करणे, हा त्यामागील उद्देश होता. त्याला पुढे एक व मागे दोन अशी तीन चाके होती आणि इंजिन वैमानिकाच्या मागे होते. याच विचारातून पुढे 'एरकूप' हे प्रसिद्ध विमान निर्माण झाले. म्हणजे काउलिंगचा जनक मानला जाणारा अभियंता स्वतः गॅरेजमध्ये विमान बांधणारा होता. दिवसा वातविवरात मोजमापे आणि संध्याकाळी घरी हातात कानस, असे त्याचे आयुष्य होते. प्रयोगशाळा आणि घर या दोन स्वतंत्र जगांची जी मांडणी आपण इतिहासलेखनात करतो, ती अशा उदाहरणांपुढे टिकत नाही.

हौशी बांधणीची परंपरा व कायदा :

घरी विमान बांधण्याची परंपरा विमानाइतकीच जुनी आहे. ब्राझीलच्या आल्बेर्तो सांतोस द्युमाँ यांनी आपल्या 'देमोआझेल' विमानाचे आराखडे सर्वांसाठी खुले केले आणि १९१० मध्ये ते 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकात छापून आले. मिनेसोटातील बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीचे इंजिन बसवून 'एअर कॅम्पर' उडविले. त्या विमानात मोटारीप्रमाणे पाण्याचा रेडिएटर होता आणि तो इंजिनाच्या वर, वैमानिकाच्या नजरेसमोर उभा असे. दिसायला तो बेंगरूळ होता, पण ज्याच्या खिशात विमान इंजिनाचे पैसे नव्हते त्याच्यासाठी तो मार्ग होता. ही विमाने आजही बांधली जातात.

फ्रान्समधील आन्री मिन्ये यांच्या 'पू दु सिएल' या छोट्या विमानाने मात्र या चळवळीला मोठा धक्का दिला. पेटी बांधता येणाऱ्याला विमानही बांधता येईल, अशा विश्वासाने हजारो लोक त्यांच्या १९३४ मधील पुस्तकाकडे वळले. त्यानंतर प्राणघातक अपघातांची मालिका घडली. पूर्ण आकाराच्या विमानाची वातविवरात तपासणी झाली तेव्हा विशिष्ट स्थितीत हे विमान सूर मारून पुन्हा वर येऊ शकत नाही, असा दोष आढळला. १९३६ मध्ये त्यावर बंदी आली. हौशी बांधणीचा इतिहास लिहिताना तिच्या उत्साहाचे कौतुक करण्याचा मोह होतो. मिन्ये यांचे उदाहरण तो आवरायला लावते. आराखडा सर्वांना खुला करणे आणि ज्ञान सर्वांना देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अमेरिकेत १९२६ च्या कायद्यानंतर नियंत्रण वाढत गेले आणि १९३० च्या दशकाअखेरीस ओरेगॉनसारखा अपवाद सोडल्यास घरी बांधलेल्या विमानांना जवळजवळ वाव उरला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. हौशी बांधणीस स्वतंत्र प्रवर्ग मिळाला. २६ जानेवारी १९५३ रोजी पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने मिलवॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची स्थापना झाली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिनमधील ऑशकोश येथे भरत आला आहे. विमानाच्या बांधकामाचा मोठा भाग हौशी व्यक्तीने स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी केलेला असावा, अशी त्या प्रवर्गाची कायदेशीर अट आहे. 'शिक्षणासाठी' हा शब्द कायद्यात आहे, हे विशेष. ही अट सिद्ध करण्यासाठी बांधणारा आपल्या कामाची रोजनिशी व छायाचित्रे ठेवतो आणि तपासनिसास दाखवितो. तपासनिसाच्या दृष्टीने ती कागदपत्रे असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यांत सामान्य माणसाच्या तांत्रिक श्रमाची अशी नोंद मिळते, जशी कारखान्यातील कामगाराने क्वचितच मागे ठेवली असेल.

आवरण बसविण्याची कृती :

या रोजनिशींत काउलिंगची पाने सहसा सर्वाधिक वैतागाने भरलेली असतात. पंख वा शेपटी यांचे भाग भोके पाडूनच येतात. रिव्हेट मारले की आकार आपोआप जुळतो. काउलिंगचे तसे नाही. रिचर्ड व्हॅनग्रन्स्व्हेन यांनी १९७१ मध्ये आपले 'आरव्ही-३' विमान उडविले आणि पुढे त्यांच्या रचनेची विमाने जगात सर्वाधिक बांधली गेलेली हौशी विमाने ठरली. २०१७ पर्यंत अशी दहा हजार विमाने उडाली होती. या विमानांचे काउलिंग फायबरग्लासचे असते. ते वरचे व खालचे अशा दोन अर्ध्या भागांत येते आणि मुद्दाम थोडे मोठे ठेवलेले असते. बांधणाऱ्याने ते कापून, घासून आपल्या विमानाला जुळवून घ्यायचे.

कामाची सुरुवात पुढून होते. पंखा महाग असल्याने तो अखेरीस बसवितात. त्याच्या जागी तेवढ्याच जाडीची लाकडी चकती लावून स्पिनरचे, म्हणजे पंख्याच्या मध्यावरील शंकूचे, स्थान निश्चित करतात. स्पिनर आणि काउलिंग यांमध्ये सुमारे पाव इंचाची फट सर्व बाजूंनी सारखी हवी. मागच्या बाजूस काउलिंगची कड विमानाच्या पत्र्याशी सलग जुळली पाहिजे. त्यासाठी पत्र्यावर ठरावीक अंतरावर चिकटपट्टी लावून रेघ आखतात, काउलिंग तिच्यावर चढवितात, मागून दिवा धरतात आणि फायबरग्लासमधून अंधूक दिसणाऱ्या रेषेवर खूण करतात. मग थोडे कापायचे, बसवून पाहायचे, काढायचे, पुन्हा घासायचे. एकेका कडेसाठी हे चक्र कितीतरी वेळा चालते. फायबरग्लासची धूळ अंगाला खाज आणते आणि फुप्फुसाला अपायकारक असते, म्हणून तोंडावर मुखपट्टी बांधावी लागते. एक दिलासा असा की, चुकून जास्त कापले गेल्यास कापड व इपॉक्सी यांचे थर देऊन कड पुन्हा वाढविता येते. ॲल्युमिनियममध्ये ही सोय नाही.

यात एक अशी बाब आहे की जी केवळ आराखडा पाहून कोणासही सुचणार नाही. इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेले असते. नवे रबर काही काळाने इंजिनाच्या वजनाखाली दबते आणि इंजिनाचे नाक किंचित खाली येते. आज स्पिनर आणि काउलिंग अगदी काटेकोर जुळविले, तर काही महिन्यांनी ते जुळलेले राहणार नाहीत. म्हणून अनुभवी बांधणारे स्पिनर सुरुवातीला थोडा वर ठेवतात. भविष्यातील चूक आज मोजून ठेवायची, असे हे तंत्र आहे. शिवाय इंजिन सुरू होताना व बंद होताना रबरावर जोराने हलते, त्यामुळे त्याच्या कोणत्याही भागाने काउलिंगला स्पर्श करू नये इतकी मोकळीक सर्वत्र सोडावी लागते.

दोन्ही अर्धे भाग जोडण्यासाठी लांब पियानो बिजागऱ्या वापरतात. त्यातील तार ओढून काढली की आवरण सुटे होते. खालच्या भागाच्या आतून धुराड्याच्या नळ्या जवळून जातात, म्हणून तेथे उष्णता परतविणारा ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटवितात. फायबरग्लासवरील सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे इपॉक्सीने बुजविणे, हा रंगकामापूर्वीचा स्वतंत्र छळ आहे.

आणि मग आडपडदे. १९२८ च्या दहाव्या आवरणातील मर्म येथे पुन्हा भेटते. हौशी विमानांत प्रामुख्याने समोरासमोर आडव्या सिलिंडरांची इंजिने असतात. पुढच्या दोन तोंडांतून आत आलेली हवा इंजिनाच्या वर दाबाखाली कोंडली जाते आणि पात्यांमधून खाली उतरते. ही कोठी घट्ट राहण्यासाठी ॲल्युमिनियमचे आडपडदे इंजिनाभोवती उभे करतात. त्यांची वरची कड काउलिंगच्या आतील वक्राकारापासून अर्ध्या इंचाच्या आतबाहेर राहिली पाहिजे. परंतु काउलिंग वर बसविले की आत काहीच दिसत नाही. मग अंतर मोजायचे कसे? बांधणाऱ्यांनी शोधलेली युक्ती कार्यालयातील टेबलावरची आहे. आडपडद्यांच्या कडांवर कागदाला लावायच्या साध्या क्लिपा उंच उभ्या खोचतात आणि काउलिंग हलकेच खाली बसवितात. क्लिपा जेवढ्या दाबल्या जातात तेवढ्या दाबल्या जातात. काउलिंग काढल्यावर प्रत्येक क्लिपची उंची म्हणजे त्या जागेचे मोजमाप. त्या कडांवर सिलिकॉन रबराच्या पट्ट्या लावतात. त्या हवेच्या दाबाच्या बाजूस वळविलेल्या असाव्या लागतात, म्हणजे दाबच त्यांना काउलिंगवर घट्ट बसवितो. उलट बाजूस वळल्यास त्याच दाबाने त्या उघडतात आणि थंड हवा सिलिंडरांना वळसा घालून निसटते.

कागदी क्लिपांची ही युक्ती कोणा एकाची म्हणता येत नाही. ती हातोहात पसरली. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मधील 'द टॅसिट डायमेन्शन' या ग्रंथात शब्दांत पूर्णपणे न मावणाऱ्या ज्ञानाची कल्पना मांडली, ती येथे लागू पडते. मात्र प्रस्तुत लेखकाच्या मते या समुदायात पोलान्यींच्या कल्पनेच्या उलट प्रक्रियाही दिसते : हाताला कळलेली गोष्ट शब्दांत, चित्रांत, मोजमापांत उतरविण्याचा सततचा प्रयत्न.

तापमान आणि अपघात :

हे सर्व सौंदर्यासाठी नसते. हौशी विमानांत वापरल्या जाणाऱ्या लायकमिंग इंजिनांच्या सिलिंडरशीर्षाची कमाल तापमानमर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० अंश सेल्सिअस आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर कमकुवत होते, त्यामुळे दीर्घायुष्यासाठी तापमान या मर्यादेच्या बरेच खाली राखावे लागते. नवे इंजिन पहिल्या काही तासांत अधिक तापते आणि नेमके याच काळात नवे, न तपासलेले आवरण त्याच्यावर असते. चाचणी उड्डाणांची पहिली मिनिटे म्हणूनच सर्वांत अवघड असतात. हवेचा निर्गममार्ग लहान झाला असेल, एखादी पट्टी उलटी वळली असेल, मागच्या एका सिलिंडरापाशी आडपडद्यात बोटभर फट राहिली असेल, तर जमिनीवर ते दिसत नाही. चढाव घेताना काटा वर चढू लागतो तेव्हा दिसते.

बर्ट रुटान यांच्या १९७० च्या दशकातील 'व्हॅरिइझी' आणि 'लाँग-इझी' या विमानांत इंजिन मागे असल्याने हा प्रश्न आणखी बिकट झाला. 'लाँग-इझी'साठी रुटान यांनी पोटाखाली एनएसीएच्याच संशोधनातून आलेले खोलगट हवामुख वापरले. अनेक बांधणाऱ्यांनी पुढे त्याऐवजी वेगळी मुखे बसवून पाहिली. पुन्हा तेच, करून पाहणे आणि बदलणे.

अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने २०१२ मध्ये हौशी विमानांच्या सुरक्षिततेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिन वा त्याच्याशी संबंधित यंत्रणा बंद पडणे आणि वैमानिकाचा ताबा सुटणे, ही अपघातांची दोन प्रमुख कारणे त्यात नोंदविली आहेत. बांधणीनंतरच्या पहिल्या काही उड्डाणांत अपघातांचे प्रमाण विशेष असल्याचेही या अभ्यासाने दाखविले. यांतील प्रत्येक घटनेस काउलिंग कारणीभूत होते, असे म्हणणे अर्थातच चुकीचे ठरेल. इंधनवाहिनी, कार्ब्युरेटर, विद्युतयंत्रणा अशी अनेक कारणे असतात. तथापि लँग्लेच्या अभियंत्याला इंजिन तापू लागले की वातविवराचा पंखा बंद करता येत असे. हौशी बांधणारा त्या क्षणी जमिनीपासून हजारभर फूट वर असतो आणि प्रयोगकर्ता, मजूर व परीक्षेची वस्तू अशा तिन्ही भूमिकांत तो एकटाच असतो. प्रयोगशाळेतील ज्ञानाच्या घरगुती प्रवासात जी गोष्ट वाटेत गळते, ती हीच : चुकण्याची मुभा.

कांदिवलीची गच्ची :

महाराष्ट्रातील वाचकास या इतिहासाचा एक दुवा जवळचा आहे. मुंबईतील कांदिवली येथे कॅप्टन अमोल यादव या व्यावसायिक वैमानिकाने आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडले गेले आणि दीर्घ पाठपुराव्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. मराठी वृत्तपत्रांत या घटनेला मोठी प्रसिद्धी मिळाली. परंतु त्या लिखाणाचा रोख प्रामुख्याने जिद्द, सरकारी परवानगी आणि अभिमान या तीन मुद्द्यांवर राहिला. मुंबईतील दमट पावसाळ्यात उघड्या गच्चीवर पत्रा कसा कापला गेला, रिव्हेट कोठून आले, इंजिनावरील आवरण कोणी आणि कसे जुळविले, ते किती वेळा काढून पुन्हा बसविले, हे प्रश्न वार्ताहरांनी विचारण्यासारखे होते.

अमेरिकेतील कायद्याने बांधणाऱ्याकडून रोजनिशी मागितली, म्हणून तेथील गॅरेजमधील श्रमाची नोंद आज उपलब्ध आहे. आपल्याकडे विहिरीवरचे पंप बांधणारे, जुन्या जीपची इंजिने नव्या गाड्यांत बसविणारे, उसाच्या गुऱ्हाळाला मोटारसायकलचे इंजिन जोडणारे कारागीर तालुक्यातालुक्यांत आहेत. प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर असे एक गॅरेज आहे. तेथील मिस्त्रींना या निबंधातील कागदी क्लिपांची युक्ती सांगितली, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार करून विचारले, "क्लिप सरकली कशावरून नाही?" मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी टेबलावरच्या पत्र्यावर क्लिपच्या पायथ्याशी एक छोटी रेघ ओढून दाखविली.